पोटॅशचा भाव आणि परदेशांतील विक्रीसंघ

खताच्या दुकानांतून शेतकरी जीं पोतीं घरीं नेतो, त्यांपैकीं युरिया पुष्कळसा आपल्याच देशांत तयार होतो. स्फुरदयुक्त खतांचा कच्चा माल बाहेरून येत असला, तरी तीं खतें बनविण्याचे मोठे कारखाने येथें आहेत. म्युरिएट ऑफ पोटॅशची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्यास आपण नुसतें ‘पोटॅश’ म्हणतों, त्या खताचें खनिज आपल्या देशांत खणून काढलें जात नाहीं. त्यामुळें त्याचें जवळजवळ प्रत्येक पोतें समुद्रमार्गानें परदेशांतून येतें. त्याची किंमत कोण ठरवितो, ती ठरविण्याची रीत कायद्यास धरून आहे काय, आणि नसल्यास दाद कोणत्या दरबारीं मागावयाची, हे प्रश्न वकिलांचे वाटले तरी केळी, ऊंस किंवा बटाटा लावणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशीं त्यांचा संबंध आहे. म्हणून त्यांचा उलगडा येथें थोड्या विस्तारानें करण्याचें योजिलें आहे.

पालाशचा गुण डोळ्यांस लगेच दिसत नाहीं. नत्र दिल्यास आठवड्याभरांत पीक हिरवेंगार होतें, म्हणून शेतकऱ्याचा हात आधीं युरियाकडे जातो. पालाशचें काम आंतल्या आंत चालतें: खोडास बळकटी येणें, पाण्याचा ताण सोसणें, दाणा व फळ भरणें, हें सर्व त्यावर अवलंबून असतें. केळीचें पीक तर जमिनींतून नत्रापेक्षांही अधिक पालाश ओढून घेतें. द्राक्षबागाईतदार क्लोराइडच्या भीतीनें सल्फेट ऑफ पोटॅश पसंत करतात; परंतु त्याचाही मोठा भाग म्युरिएटपासूनच बनविलेला असतो. तेव्हां मूळ मालाचा भाव चढला कीं त्याची झळ सर्वांसच लागते.

हा मूळ माल पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणीं आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतांत जमिनीखालीं सुमारें एक किलोमीटर खोलीवर, प्राचीन काळीं आटलेल्या समुद्राचे क्षार थरांच्या रूपानें पडले आहेत. तसेच थर रशियांत उरल पर्वताच्या पायथ्याशीं बेरेझ्निकी व सोलिकाम्स्क येथें, आणि बेलारूसमध्यें सोलिगोर्स्क येथें आहेत. जर्मनींत जुन्या खाणी आहेत; इस्राएल व जॉर्डन हे देश मृत समुद्राच्या पाण्यांतून पोटॅश काढतात. पहिल्या तीन देशांचा वांटा जगाच्या उत्पन्नांत निम्म्याहून बराच अधिक असतो. नवी खाण काढावयाची तर कित्येक वर्षें आणि अब्जावधि डॉलर लागतात, म्हणून नवा प्रतिस्पर्धी सहसा पुढें येत नाहीं. विक्रेते मूठभर, गिऱ्हाईक जगभर, आणि गिऱ्हाइकास दुसरा माल नाहीं. संगनमतास याहून सोयीची परिस्थिति कोणती असणार?

या मूठभरांतही जे होते ते एकत्र येऊन विकूं लागले. कॅनडांतील उत्पादकांनीं १९७० सालीं कॅनपोटेक्स नांवाची कंपनी काढली. हल्लीं न्यूट्रिएन व मोझेक या दोन कंपन्या तिच्या मालक असून सस्कॅचेवानमधील आपला माल त्या तिच्यामार्फत परदेशीं विकतात. यांत एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. कॅनपोटेक्स ही कॅनडा व अमेरिका हे दोन देश सोडून इतरत्रच विक्री करते. त्या दोन देशांतील शेतकऱ्यांस माल विकतांना कंपन्या वेगवेगळ्या दुकानदारांप्रमाणें वागतात. भारत, चीन, ब्राझील यांच्या दारांत मात्र त्या एकच दुकान मांडतात. असें कां, तें पुढें येईलच. रशिया व बेलारूस यांच्याकडील उरलकाली व बेलारूसकाली या कंपन्यांनींही २००५ पासून बेलारूशियन पोटॅश कंपनी या संयुक्त संस्थेमार्फत विक्री चालविली होती. अशा रीतीनें भारतीय आयातदार खरेदीस निघाला म्हणजे त्याच्यासमोर प्रामुख्यानें दोनच पेढ्या उभ्या असत.

आतां भावाकडे पाहूं. भारत आपला भाव बहुधा वर्षाच्या करारानें ठरवितो. २००७ सालीं बंदरापर्यंतच्या वाहतुकीसह टनास सुमारें २७० डॉलर असलेला भाव २००८ च्या करारांत एकदम ६२५ डॉलर झाला. त्या वर्षीं जगभर धान्य महागलें होतें, खतांस मागणी वाढली होती, आणि २००६ सालीं बेरेझ्निकीची एक खाण पाण्यानें भरून बंद पडली होती. हीं कारणें खरीं आहेत, तीं नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु पुढील वर्षीं जागतिक मंदीनें मागणी कोसळली तेव्हां काय झालें? कंपन्यांनीं खाणींतील काम थांबविलें, माल कमी काढला, आणि भारताशीं करार झाला तो ४६० डॉलरांस. कांद्याचा भाव पडला म्हणजे आपला शेतकरी कांदा काढण्याचें थांबवूं शकत नाहीं. थांबविला तर तो जमिनींतच सडतो. खाणीतलें पोटॅश कोट्यवधि वर्षें पडून आहे, आणखी दोन वर्षें पडून राहिलें तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. ज्याच्या हातीं थांबण्याची शक्ति, त्याच्या हातीं भाव.

२०१० पूर्वीं या चढउताराची आंच शेतकऱ्यास प्रत्यक्ष लागत नसे. सरकार विक्रीची किंमत ठरवून देई. म्युरिएटची किंमत टनास ४,४५५ रुपये, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यास सुमारें २२३ रुपये होती, आणि वरचा सर्व बोजा सरकारी तिजोरी उचली. १ एप्रिल २०१० पासून अनुदान अन्नद्रव्याच्या किलोमागें ठराविक झालें आणि विक्रीची किंमत कंपन्यांवर सोपविण्यांत आली. तेव्हांपासून परदेशांतील भाव आणि रुपयाची घसरण हीं दोन्ही थेट गांवच्या दुकानापर्यंत पोंचूं लागलीं. परिणाम असा झाला कीं, २०१०-११ सालीं देशांत सुमारें ३५ लाख टन पालाश वापरलें गेलें होतें, तें २०१२-१३ सालीं सुमारें २० लाख टनांवर आलें. युरिया स्वस्तच राहिल्यामुळें नत्र, स्फुरद व पालाश यांचें प्रमाण त्या वर्षीं ८.२ : ३.२ : १ असें बिघडलें; आपल्याकडे साधारणपणें ४ : २ : १ हें प्रमाण बरें मानतात. जमिनीची ही उपासमार कोणत्याहि हिशेबवहींत नांवें पडत नाहीं.

विक्रेत्यांच्या एकीचा भावाशीं संबंध किती, हें एरवीं सिद्ध करणें कठीण असतें. परंतु २०१३ सालीं एक घटना घडली तिनें जणूं प्रयोगच करून दाखविला. त्या वर्षीं फेब्रुवारींत भारताचा करार ४२७ डॉलरांस झाला होता. ३० जुलै रोजीं उरलकालीनें बेलारूसच्या मंडळींशीं असलेली संयुक्त विक्री सोडली आणि यापुढें भावापेक्षां अधिक माल खपविण्याकडे आपण लक्ष देऊं असें जाहीर केलें. त्याबरोबर जगांतील पोटॅश-कंपन्यांचे भाग शेअरबाजारांत धडाधड कोसळले. पुढच्या महिन्यांत उरलकालीचे मुख्य अधिकारी मिन्स्क येथें चर्चेस गेले असतां त्यांस अटक झाली. भावंडांच्या वांटणींतहि इतका राग क्वचित् दिसतो. २०१४ सालीं भारताचा करार ३२२ डॉलरांस झाला. खाणी त्याच, मजूर तेच, जहाजें तींच. बदललें तें मुख्यतः विक्रेत्यांचें आपसांतील नातें, आणि भाव टनामागें १०५ डॉलरांनीं, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्शानें उतरला. त्या वेळच्या सुमारें ६० रुपये दरानें हे टनास ६,३०० रुपये, पोत्यास ३१५ रुपये होतात. वर्षास चाळीस लाख टन माल येतो असें धरलें, तर हा फरक अडीच हजार कोटी रुपयांचा आहे.

भावाच्या प्रत्येक चढास संघच कारण असतो असें मात्र कोणी समजूं नये. २०२२ सालीं भारताचा करार ५९० डॉलरांस गेला. त्या वेळीं बेलारूसवर पाश्चात्त्य देशांनीं निर्बंध घातले होते, लिथुआनियानें आपल्या बंदराकडे जाणारा त्याचा माल अडविला होता, आणि फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली. ती टंचाई खरी होती, आणि पुढील वर्षीं भाव ४२२ डॉलरांवर आला.

आतां कायद्याचा प्रश्न. एकाच मालाच्या विक्रेत्यांनीं आपसांत ठरवून भाव चढविणें, माल मुद्दाम कमी काढणें किंवा गिऱ्हाइकें वांटून घेणें, हें आज बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. अमेरिकेनें असा कायदा १८९० सालींच केला. बाजार-समितींत चार आडते रुमालाखालीं हात घालून भाव पाडतात, तेव्हां आपणांस जो संताप येतो, त्याच संतापांतून हे कायदे जन्मले आहेत. परंतु या कायद्यांची एक मर्यादा आहे. प्रत्येक देशाचा कायदा आपल्या गिऱ्हाइकाचें रक्षण करतो. परदेशांतील गिऱ्हाईक लुटलें गेलें तर त्याचें त्यास सोयरसुतक नसतें. अमेरिकेनें १९१८ सालीं वेब-पोमरीन नांवाचा कायदा करून केवळ निर्यातीसाठीं केलेल्या संघांस आपल्या स्पर्धा-कायद्यांतून सूट दिली. अट एवढीच कीं, त्यामुळें अमेरिकेच्या आंतील व्यापारास बाध येऊं नये. कॅनडाच्या स्पर्धा-कायद्यांतही केवळ निर्यातीपुरत्या कराराचा बचाव मान्य केलेला आहे. म्हणजे आपल्या घरीं जें पाप, तेंच शेजाऱ्याच्या दारीं केल्यास व्यापार! कॅनपोटेक्स आपलें दुकान कॅनडा व अमेरिका सोडून इतरत्र कां मांडते, याचें उत्तर वाचकांस आतां मिळालें असेल. ती कंपनी आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें पूर्णपणें सनदशीर आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. दोष असेल तर तो सूट देणाऱ्या कायद्याचा आहे.

सूट देणाऱ्या देशाचा स्वार्थ किती उघड असतो, हें २०१० सालीं दिसून आलें. बी. एच. पी. या ऑस्ट्रेलियन खाण-कंपनीनें कॅनडाची पोटॅश कॉर्पोरेशन विकत घेण्यासाठीं सुमारें ३९ अब्ज डॉलरांची बोली केली. खाणी पूर्ण शक्तीनें चालवाव्या आणि आपला माल आपण विकावा, असा तिचा कल होता. सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारनें या व्यवहारास कसून विरोध केला. त्यांतील एक मोठा मुद्दा असा होता कीं, भाव उतरल्यास प्रांताचें उत्पन्न बुडेल. नोव्हेंबरांत कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनें परवानगी नाकारली. त्या प्रांताच्या पुढाऱ्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं; आपल्या प्रजेचें उत्पन्न राखणें हें त्यांचें कामच आहे. पण मग आमच्या शेतकऱ्याचें हित पाहणें कोणाचें काम?

या प्रश्नास सर्वांत बोचरें उत्तर अमेरिकेंतील एका दाव्यानें दिलें. २००८ सालीं पोटॅश घेणाऱ्या अमेरिकन गिऱ्हाइकांनीं कॅनडा, रशिया व बेलारूस येथील कंपन्यांवर फिर्याद केली. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, या कंपन्यांनीं संगनमतानें भारत, चीन व ब्राझील येथील भाव चढविले, आणि तेच भाव माप म्हणून पुढें करून अमेरिकेंत महाग माल विकला. कंपन्यांनीं आरोप नाकारला. २०१२ च्या जूनमध्यें शिकागोच्या अपील कोर्टानें हा दावा चालण्याजोगा आहे असा निकाल दिला. पुढें कंपन्यांनीं दोष कबूल न करतां कोट्यवधि डॉलर देऊन तडजोड केली. आरोप खरा कीं खोटा याचा निर्णय त्यामुळें झालाच नाहीं. पण या प्रकरणाचा विचित्रपणा पाहा. फिर्यादीप्रमाणें अन्यायाचा पहिला घाव भारताच्या बंदरांत पडला होता. त्या घावाची सावली अमेरिकेंत पडली, आणि भरपाई मिळाली ती सावलीस. जळगांवच्या केळीवाल्यास त्या तडजोडींत एक पैचाही वांटा नव्हता. तो अमेरिकेच्या कोर्टांत गेला असता तरी दार उघडलें नसतें. जीवनसत्त्वांच्या कारखानदारांनीं जगभर भाव ठरवून घेतल्याचें १९९९ सालीं उघडकीस आलें होतें व एका स्विस कंपनीनें अमेरिकेंत ५० कोटी डॉलर दंडही भरला होता. हीं जीवनसत्त्वें कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यांत घालतात. त्या प्रकरणीं युक्रेन, एक्वाडोर, पनामा आदि देशांतील गिऱ्हाइकें अमेरिकेंत भरपाई मागावयास गेलीं, तेव्हां तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं सांगितलें कीं, परदेशांत झालेलें जें नुकसान अमेरिकेंतील नुकसानीपासून स्वतंत्र आहे, त्याची दाद आमचा कायदा देत नाहीं.

मग सर्व राष्ट्रांनीं मिळून एक कायदा कां करूं नये, असें वाचक विचारतील. प्रयत्न झाले आहेत. १९४८ च्या मार्चांत हवाना येथें ५३ राष्ट्रांनीं ज्या सनदेवर सह्या केल्या, तिच्यांत व्यापारास अडथळा करणाऱ्या संगनमतांविषयीं एक स्वतंत्र प्रकरण होतें. परंतु अमेरिकेच्या काँग्रेसची मान्यता मिळण्याचीं चिन्हें न दिसल्यानें १९५० सालीं तेथील सरकारनें तो नाद सोडला आणि सनद कागदावरच राहिली. १९८० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेनें या विषयावर तत्त्वें व नियम मंजूर केले. ते उपदेशपर आहेत, बंधनकारक नाहींत. १९९६ सालीं सिंगापूर येथील परिषदेंत जागतिक व्यापार संघटनेनें व्यापार व स्पर्धा यांचा विचार करण्यासाठीं मंडळ नेमलें. सात वर्षांनीं, २००३ च्या सप्टेंबरांत, मेक्सिकोंतील कान्कून येथें वाटाघाटी सुरू करावयाच्या कीं नाहीं यावर बोलणीं मोडलीं, आणि २००४ च्या उन्हाळ्यांत हा विषय त्या फेरीच्या कामांतून काढून टाकण्यांत आला.

कान्कून येथें विरोध करणाऱ्यांत भारत अग्रभागीं होता, हें ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. ज्यास संघांचा जाच, त्यानेंच कायद्यास नकार कां द्यावा? कारण असें कीं, मांडलेल्या प्रस्तावांचा रोख मुख्यतः गरीब देशांनीं आपापल्या घरीं कायदे करावेत व परदेशी कंपन्यांस तेथें समान वागणूक द्यावी याकडे होता. बलाढ्य परदेशी कंपनी आणि कालपरवां उभी राहिलेली देशी कंपनी यांस एकाच आखाड्यांत सोडणें म्हणजे समानता कशी, ही भीति खोटी नव्हती. निर्यात-संघांस दिलेल्या सवलती रद्द करण्याचें वचन मात्र श्रीमंत देश देण्यास तयार नव्हते. आमच्या मतें त्या मसुद्यास नकार देणें योग्य होतें. परंतु नकार देऊन थांबणें योग्य नव्हतें. निर्यात-संघांची सूट रद्द करा, एवढी एकच मागणी घेऊन भारत, चीन व ब्राझील हे तीन मोठे गिऱ्हाईक पुढें आले असते, तर निदान सूट देणाऱ्यांस आपलें समर्थन जगापुढें करावें लागलें असतें.

जागतिक कायदा नाहीं, तेव्हां उरतो तो आपलाच कायदा. १९६९ च्या मक्तेदारी-कायद्याचा हात परदेशापर्यंत पोंचत नसे. अमेरिकेंतील सोडा-ॲशचे उत्पादक वेब-पोमरीन कायद्याखालीं संघ करून भारतांत माल पाठवूं लागले, तेव्हां १९९६ सालीं येथील कारखानदारांनीं मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली व आयोगानें मनाईही केली. पण २००२ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. सोडा-ॲशचा तो संघ माल स्वस्त विकीत होता आणि तक्रार गिऱ्हाइकाची नसून प्रतिस्पर्ध्याची होती, हा भेद मात्र विसरतां कामा नये. त्याच वर्षीं संसदेनें स्पर्धा-कायदा केला. त्याच्या ३२ व्या कलमांत स्वच्छ म्हटलें आहे कीं, करार देशाबाहेर झाला असो वा करणारे देशाबाहेर असोत, भारतांतील स्पर्धेवर त्याचा गंभीर दुष्परिणाम होत असेल तर आयोगास चौकशी करतां येईल. २०२३ च्या दुरुस्तीनें दंडाची मोजणी कंपनीच्या जगभरच्या उलाढालीवर करण्याची सोयही झाली.

अधिकार मिळाला म्हणजे काम झालें असें नव्हे. करार झाला कॅनडांत किंवा मिन्स्कमध्यें, कागद तेथें, साक्षीदार तेथें. आणि जें सरकार त्या व्यापारावर कर घेतें तें ते कागद हवाली करण्यास उत्सुक कां असावें? शिवाय दंड ठोठावल्यावर विक्रेत्यानें माल पाठविण्यांत टाळाटाळ केली, तर हंगाम थांबत नाहीं. तरीही एका ठिकाणीं आपल्या आयोगाचा हात चांगला चालला. पोटॅश कॉर्पोरेशन व ॲग्रियम या कॅनडाच्या कंपन्यांचें एकत्रीकरण होऊन न्यूट्रिएन बनावयाची होती. पोटॅश कॉर्पोरेशनचे जॉर्डन, इस्राएल व चिली येथील तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांत मोठे भाग होते. २०१७ च्या ऑक्टोबरांत आपल्या आयोगानें संमति दिली ती हे तिन्ही भाग विकून टाकावे या अटीवर. चीननेंही तशीच अट घातली. २०१८ सालीं ते भाग विकले गेले. कारण उघड आहे: विलीनीकरणास आधीं संमति घ्यावी लागते, आणि मोठ्या बाजाराच्या ‘नाहीं’ म्हणण्यास तेथें वजन असतें. संगनमताच्या बाबतींत चौकशी मागाहून होते, तोंवर खत शेतांत पडून पीकही निघालेलें असतें.

येथें सहकारी संस्थांचे सभासद एक रास्त शंका घेतील. आम्हीही आमचा माल एकत्र येऊन विकतों. १९९१ पासून महाग्रेप्सनें आमच्या द्राक्ष-संस्थांचा माल परदेशीं एकत्रच पाठविला. मग आम्हीही संगनमत करणारे ठरतों काय? खरें पाहतां आपल्या स्पर्धा-कायद्याच्या तिसऱ्या कलमांतही केवळ निर्यातीसाठीं केलेल्या करारांस सूट ठेवलेली आहे. म्हणजे जी सूट इतरांनीं काढावी असें आम्ही म्हणतों, ती आपल्याही पुस्तकांत आहे. परंतु शेंकडों लहान बागाईतदारांनीं पेटी बांधणें, शीतगृह व जहाजभाडें यांसाठीं एकत्र येणें निराळें, आणि खनिजाच्या दोन धन्यांनीं माल किती निघावा हें ठरविणें निराळें. पहिल्यांच्या हातीं बाजार नसतो. चिली वा दक्षिण आफ्रिकेचें द्राक्ष स्वस्त असेल तर लंडनचें गिऱ्हाईक आमच्याकडे पाहणारही नाहीं. अमेरिकेनेंही १९२२ सालीं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस अशा कारणानें वेगळी सवलत दिली, आणि भाव अवाजवी चढल्यास सरकारनें मध्यें पडावें अशी तजवीजही त्याच कायद्यांत ठेवली. आपणही सरसकट सूट काढून लहान उत्पादकांच्या संस्थांपुरती ती ठेवावी, म्हणजे परराष्ट्रांशीं बोलतांना आपली बाजू लंगडी पडणार नाहीं.

कायद्याखेरीज दुसरा उपाय म्हणजे खरेदी करणाऱ्यांची एकी. १९५५ सालीं स्थापन झालेली इंडियन पोटॅश लिमिटेड, जिच्या भागीदारांत सहकारी संस्था आहेत, ती आपली सर्वांत मोठी आयातदार असून तिच्या कराराकडे इतरांची दृष्टि असते. २०१२ सालीं रुपया घसरला व गोदामांत माल साठला, तेव्हां आयातदारांनीं खरेदी लांबविली आणि आधींचा ४९० डॉलरांचा भाव ४२७ वर आला. पण गोदामांत साठा असल्याशिवाय हें धोरण चालत नाहीं. पेरणी तोंडावर आली असतां थांबण्याची ऐपत कोणास?

घरच्या घरीं थोडें पालाश मिळण्याचा एक मार्ग आपल्या साखर कारखान्यांच्या आवारांत आहे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारें सांडपाणी आटवून बॉयलरमध्यें जाळतात. त्या राखेपासून १४.५ टक्के पालाश असलेलें खत तयार होतें. २०२१ च्या ऑक्टोबरपासून त्यास अनुदान आहे, आणि २०२४ च्या आरंभीं सरकारनें कारखान्यांनीं तें खत-कंपन्यांस टनास ४,२६३ रुपये दरानें द्यावें असें ठरविलें. तेव्हां वर्षास सुमारें ५ लाख टन राख विकली जात होती व ती १० ते १२ लाख टनांपर्यंत नेतां येईल असा सरकारी अंदाज होता. बारा लाख टन झाली तरी तिच्यांतील पालाश सुमारें २ लाख ९० हजार टन म्युरिएटच्या बरोबरीचें होईल. चाळीस लाखांच्या आयातीपुढें तें चौदाव्या हिश्श्याएवढें आहे. घेणाऱ्यानें मात्र पोत्याच्या आकारावर जाऊं नये. म्युरिएटमध्यें ६० टक्के पालाश असतें, म्हणून त्याच्या एका पोत्याची बरोबरी करावयास या खताचीं चारांहून थोडीं अधिक पोतीं लागतात. दुकानांत भाव विचारतांना हाच हिशेब धरावा, आणि गाडीभाडें त्यांत मिळवावें.